खंडोबाचा वार



इतिहास म्हटला की आपल्यासमोर गड, लढाया आणि राजे उभे राहतात. आणि धायरीसारख्या गावात तर ते साहजिकच आहे. सिंहगडाची वाट आपल्या दारावरून जाते. १६७० सालच्या फेब्रुवारीत तानाजी मालुसऱ्यांनी तो गड कसा घेतला, हे इथले शाळकरी पोरही सांगेल. दर रविवारी सकाळी हीच वाट गाड्यांनी भरून वाहते. माणसे बायकामुलांना घेऊन गडावर जातात, पिठले-भाकरी खातात, मडक्यातले दही खातात आणि दिवस मावळता घरी परततात. गड कोणी जिंकला हे त्या सर्वांना ठाऊक असते. पण ज्या रविवारी आपण गडावर आलो तो रविवार कोणी जिंकला, असे विचारले, तर किती जणांना उत्तर देता येईल याची मला शंका आहे.

मी पदवीधर इतिहासकार नव्हे. कामगारांच्या सभा, मागण्यांचे कागद आणि मालकांशी होणाऱ्या वाटाघाटी यांत माझी तीस वर्षे गेली. वाचन झाले ते रात्रीचे, आणि बहुधा उसन्या पुस्तकांचे. तरीही हा विषय मी घेतला, याचे कारण असे की, साप्ताहिक सुट्टीचा इतिहास बहुतेक वेळा कायद्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. अमुक साली अमुक कलम आले, एवढ्यावर तो संपतो. माझ्या समजुतीप्रमाणे त्या इतिहासात कायदा शेवटी येतो. त्याच्या आधी त्यात देव आहे, घर आहे, जेवणाचे ताट आहे आणि आपल्या बापजाद्यांनी पाळलेले वार आहेत. ते कसे, हे आज आपण पाहू.

प्रथम गिरणीच्या आधीचा काळ घेऊ. शेतकऱ्याचे कष्ट हलके होते असे कोणी समजू नये. पण त्या कष्टांना थांबे होते. अमावास्येला औत धरायचे नाही, ही रीत आपल्या देशावर अगदी अलीकडेपर्यंत होती. काही गावांत सोमवारी बैल जुंपत नसत; नंदी हा महादेवाचा, आणि सोमवार महादेवाचा, म्हणून. पोळ्याला बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लागे आणि त्याला पुरणपोळी मिळे. आठवड्याच्या बाजाराला अर्धा गाव जाई. गावच्या जत्रेला सासरच्या लेकी माहेरी येत. श्रावणी सोमवारी माणसे उपास करीत आणि संध्याकाळी देवळात जाऊन येऊन मग एकत्र बसून सोडीत. आपल्या धारेश्वराची टेकडी आजही त्या वारांना माणसांनी फुलते. हे थांबे सरकारने किंवा मालकाने दिलेले नव्हते. ते देवाच्या नावाने पाळले जात, म्हणून सावकाराला किंवा पाटलालाही ते सहसा मोडता येत नसत. गरिबाजवळ कायदा नव्हता, तेव्हा त्याच्याजवळ वार होता.

मग गिरणी आली. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली आणि दोन वर्षांनी ती गिरणी चालू झाली. पुढच्या पस्तीस वर्षांत मुंबईत पन्नास हजारांच्या वर माणसे गिरण्यांत राबू लागली. ती आली कोठून? रत्नागिरीतून, साताऱ्यातून, आपल्या पुणे जिल्ह्याच्या मावळपट्टीतून आणि घाटावरून. ज्या माणसाने उभ्या हयातीत अमावास्या पाळली होती, तो आता वाफेच्या यंत्रापुढे उभा राहिला. यंत्राला अमावास्या नसते. विजेचे दिवे गिरण्यांत येण्यापूर्वी काम उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चाले. म्हणजे उन्हाळ्यात दिवस मोठा, तेव्हा कामही मोठे. वर्षातले थोडे मोठे सण सुटीचे असत. रविवारी गिरणी बंद ठेवली तरी यंत्रे पुसायला मजुरांना बोलावीत, आणि त्यात दिवसाची सकाळ निघून जाई.

१८८१ साली हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेण्यास बंदी केली, सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले आणि त्यांना महिन्यातून चार सुट्ट्या दिल्या. मोठ्या माणसांविषयी, पुरुष काय किंवा स्त्री काय, त्यात सुटीचे काहीच नव्हते. म्हणजे कायद्याने मुलाला सुटी मिळे आणि त्याच गिरणीत काम करणाऱ्या त्याच्या आईला मिळत नसे. घर एका दिवशी एकत्र येण्याची सोय त्या कायद्यात नव्हती.

या ठिकाणी आपल्या जिल्ह्याशी नाते असलेला एक माणूस इतिहासात येतो. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्याचा. पण त्यांचे घराणे खेड तालुक्यातील कन्हेरसरचे. शिक्षण बेताचे. रेल्वेत, मग टपाल खात्यात नोकरी केली आणि पुढे मुंबईच्या मांडवी भागातील एका गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. तेथे त्यांनी मजुरांचे हाल जवळून पाहिले. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला होता. लोखंडे त्या समाजाचे मुंबईतील आधारस्तंभ बनले. पुण्यात कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली सुरू केलेले ‘दीनबंधु’ पत्र बंद पडण्याच्या बेतात होते, ते १८८० पासून लोखंड्यांनी मुंबईहून चालविले.

१८८४ साली सरकारने फॅक्टरी कायद्याच्या फेरविचारासाठी मुंबईत कमिशन नेमले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात लोखंड्यांनी गिरणी मजुरांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातील मागण्या आज वाचल्या तर आपल्याला त्यांच्या साधेपणाचे नवल वाटेल. दर रविवारी पूर्ण सुटी मिळावी. दुपारी अर्धा तास विसावा असावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हातात पडावा. आणि कामावर जखमी झालेल्या मजुराला बरा होईपर्यंत पगार मिळावा, कायमचा अधू झाल्यास त्याच्या पोटाची सोय व्हावी. याच सुमारास ‘बाँबे मिलहँड्स असोसिएशन’ ही संस्था निघाली. हिंदुस्थानातील कामगार संघटनेचा आरंभ बहुतेक अभ्यासक तेथून धरतात.

त्यावर सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत गिरणी मजुरांची दहा हजारांची सभा भरली. त्या सभेत दोन मजूर स्त्रियांनी भाषणे केली, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. आठवड्याच्या सुटीची मागणी करणारा अर्ज गिरणीमालकांच्या संघाकडे गेला, आणि १० जून १८९० रोजी मालकसंघाने रविवारची सुटी मान्य केली.

आता यातली एक गोष्ट मला संघटक या नात्याने फार विचार करायला लावते. या असोसिएशनजवळ सभासदांची यादी नव्हती, वर्गणीचा फंड नव्हता आणि लेखी नियमही नव्हते. त्या काळच्या सरकारी अहवालातच तसे नमूद आहे, आणि पुढच्या काही विद्वानांनी त्यावरून तिला खरी कामगार संघटना म्हणायचेही नाकारले. मला त्यांच्याशी वाद घालायचा नाही. मी एवढेच विचारतो की, यादी नाही, फंड नाही, नियम नाहीत, टेलिफोन नाही, बहुतेकांना अक्षरओळखही नाही. मग दहा हजार माणसे एका दिवशी एका ठिकाणी आली कशी? माझ्या आजच्या युनियनला पावतीपुस्तक आहे, कचेरी आहे, प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. तरी दोनशे माणसे जमवताना आमच्या नाकी नऊ येतात!

याचे उत्तर मजुराच्या रोजच्या जगण्यात शोधावे लागते. गिरणगावात माणूस एकटा राहत नसे. एका गावची, एका भावकीची दहा-पंधरा माणसे एका खोलीत राहत. कोणी पाळीला जाई तेव्हा दुसरा त्याच्या जागेवर झोपे. जेवण खानावळीत. खानावळ म्हणजे हॉटेल नव्हे. गावाकडची एखादी बाई आपल्या नवऱ्याच्या खोलीत चूल मांडून आठ-दहा जणांचे करून घाली. ज्या वेळी जेवायचे नसेल त्याला ‘खाडा’ म्हणत, आणि महिनाअखेर खाड्याचा हिशेब होई. कोणाच्या घरी पैसे पाठवायचे राहिले आहेत, कोण आजारी आहे, कोणाला मुकादमाने काढून टाकले, हे सारे त्या बाईला आधी कळे. रात्री चाळीच्या व्हरांड्यात भजन होई. पंढरीची वारी करणारा, माळ घातलेला मजूर जसा त्यात असे, तसाच जेजुरीचा भंडारा कपाळी लावणाराही असे. गावच्या जत्रेची वर्गणी मुंबईत गोळा होई आणि ती पै-पैशाने लिहिली जाई. यादी नव्हती कशी म्हणावे? यादी होती, ती जत्रेच्या वहीत होती. फंड भजनी मंडळाच्या डब्यात होता, आणि नियम खानावळवालीच्या तोंडी होते. संघटना तिथे आधीच उभी होती. लोखंड्यांनी तिला एक मागणी दिली.

आणि ती मागणी त्यांनी कोणत्या भाषेत दिली? कामगार चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या असे सांगत आले आहेत की, लोखंड्यांनी रविवार मागितला तो खंडोबाचा वार म्हणून. सहा दिवस मजूर पोटासाठी आणि मालकासाठी राबतो. सातवा दिवस त्याच्या देवाचा आणि त्याच्या समाजाचा आहे, असा तो विचार.

येथे चाणाक्ष श्रोते मला अडवतील. सत्यशोधक माणूस, भटभिक्षुकीवर आणि कर्मकांडावर टीका करणारा; तो खंडोबाला कसा पुढे करील? शंका रास्त आहे. पण फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली, त्यात खंडोबा, जोतिबा, बहिरोबा या देवांची वेगळीच उपपत्ती सांगितली आहे. फुल्यांच्या मते हे सारे बळीराजाच्या राज्यातील न्यायी अधिकारी होते, आणि रयतेने कृतज्ञतेने त्यांना देवपण दिले. ही उपपत्ती इतिहास म्हणून सर्वांना पटेलच असे नाही. पण तिच्यामागची दृष्टी पाहा. कुणब्याच्या देव्हाऱ्यातला टाक त्याने फेकून द्यावा असे हा सुधारक सांगत नाही. तो त्याला सांगतो की, हा देव तुझा आहे, तो न्यायाचा देव आहे, आणि त्याच्या नावाने तू न्याय मागू शकतोस.

शिवाय खंडोबा एका जातीचा देव नाही. त्याची म्हाळसा वाण्याची लेक, तर बाणाई धनगराची. धनगर, रामोशी, मराठे, कोळी आणि कित्येक ब्राह्मण घराणी यांचे हे कुलदैवत. मुसलमान भक्तांनी त्याला मल्लूखान म्हटले. त्याची पूजा सोपी. ताटात नारळ, विड्याची पाने आणि भंडारा ठेवायचा, पाच जणांनी मिळून ते ताट उचलायचे आणि गजर करायचा. याला तळी भरणे म्हणतात. एकट्या माणसाला तळी भरता येत नाही, हे तुमच्यापैकी ज्यांच्या घरी खंडोबा आहे त्यांना ठाऊक आहे. चंपाषष्ठीला नैवेद्य कशाचा? वांग्याचे भरीत आणि रोडगा. चातुर्मासात वर्ज्य केलेले कांदा-वांगे त्या दिवशी पुन्हा ताटात येते. गरिबाच्या घरी जे पिकते तेच या देवाला चालते. असा देव मजुराच्या सुटीसाठी साक्षीला उभा राहिला, यात मला काही विसंगत दिसत नाही.

न्यायाने बोलायचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८९० चा विजय एका अर्जाने आणि एका सभेने मिळाला नाही. लँकेशायरच्या गिरणीमालकांना हिंदी गिरण्यांची स्पर्धा खुपत होती. इथे कामाचे तास कायद्याने कमी व्हावेत म्हणून ते विलायतेत ओरड करीत होते, आणि ती काही हिंदी मजुराच्या कळवळ्यापोटी नव्हती. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये बर्लिनला युरोपातील राष्ट्रांची परिषद भरली आणि तिने रविवारच्या विश्रांतीची शिफारस केली. नवे फॅक्टरी कमिशन नेमले गेले, त्याच्या कामात लोखंड्यांनी साहाय्य केले. कायदा येणार हे मालकांना दिसत होते. १८९१ साली तो आलाही. त्याने आठवड्याची सुटी आणि दुपारचा अर्धा तास बंधनकारक केला, स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणले आणि मुलांचे किमान वय नऊ केले. इतिहासात एका परिणामाला अनेक कारणे असतात. पण लँकेशायरवाले आपल्या नफ्यासाठी बोलत होते आणि बर्लिनचे मुत्सद्दी कागदावर बोलत होते. त्या दहा हजारांना तो दिवस कशासाठी हवा होता हे त्यांचे त्यांनाच ठाऊक होते.

कशासाठी हवा होता? झोपेसाठी तर होताच. पण रविवारी मजूर नुसता झोपत नसे. तो कपडे धुई, हजामत करी, टपालाने आलेले पत्र कोणाकडून तरी वाचून घेई आणि उत्तर लिहवून घेई. टपाल खात्याची मनीऑर्डर १८८० साली सुरू झाली होती. महिन्याचे पैसे गावी कसे आणि किती धाडायचे याचा विचार त्याच दिवशी निवांत होई. ज्याला परवडे तो त्या दिवशी मटण किंवा मासळी खाई. माळकरी असेल तो गोडाचे काही करून घेई. दुपारी गावकीची बैठक, संध्याकाळी तालीम किंवा भजन. आठवड्याचे सहा दिवस ज्याला हजेरीपत्रकावर फक्त एक नंबर होता, तो त्या एका दिवशी कोणाचा तरी मामा, कोणाचा गाववाला, भजनातला पखवाजी असे. हा दिवस नसता तर गिरणगावात माणसे फक्त राहिली असती. त्यांचा समाज झाला नसता.

मात्र या चित्रात एक उणीव आहे, ती झाकून ठेवणे बरे नव्हे. रविवारी सगळे घरी, म्हणून त्या दिवशी चुलीचे काम दुप्पट. वाटण जास्त, भाकरी जास्त, भांडी जास्त. खानावळवालीला सुटी कोठली? १८९० च्या सभेत बोललेल्या त्या दोघी घरी गेल्या असतील, तेव्हा त्यांनाही चूल पेटवावीच लागली असेल. खानावळवाल्या बायांना स्वतःची संघटना मिळायला १९७५ साल उजाडावे लागले. प्रेमाताई पुरव यांनी त्या वर्षी मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, तेव्हा कोठे या बायांना बँकेचे दार उघडले. ज्या संघटनेच्या जोरावर मजुराने रविवार मिळविला, तिचा निम्मा भार जिने वाहिला, तिच्यापर्यंत तो रविवार आजही पुरता पोचलेला नाही. आपापल्या घरी जाऊन हे प्रत्येकाने तपासून पाहावे.

दुसरा प्रश्न असा की, रविवार खंडोबाचा म्हटला तर मुसलमान मजुराचे काय? त्याचा जुम्मा शुक्रवारी. हा प्रश्न खोटा नाही. सर्वांचा एकच वार करताना कोणाला तरी थोडे सोसावे लागते, हे मान्य केले पाहिजे. पण लोखंड्यांचा देव इतरांना बाहेर ठेवणारा नव्हता, याचे प्रत्यंतर १८९३ साली आले. त्या वर्षी मुंबईत हिंदु-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. तेव्हा लोखंड्यांनी राणीच्या बागेत कामकऱ्यांची प्रचंड सभा घेऊन एकोप्यासाठी प्रयत्न केला. पुढे १८९७ च्या फेब्रुवारीत, प्लेगच्या साथीत, त्यांचा अंत झाला. वय अवघे अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास. भारत सरकारने २००५ साली त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले.

आता कोणी म्हणेल, आठवड्यातून एक दिवस विसावा मिळाला म्हणजे झाले. तो कोणता वार आहे याला काय महत्त्व? या प्रश्नाचे उत्तर जगाने दोनदा अनुभवाने दिले आहे. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर १७९३ साली नवे पंचांग आले. सात दिवसांचा आठवडा मोडून दहा दिवसांचा केला आणि दहाव्या दिवशी विसावा ठेवला. हिशेबाला सोपा, बुद्धीला पटणारा. पण लोकांच्या मनातून रविवार गेला नाही, आणि १८०६ च्या आरंभी ते पंचांगच गेले.

दुसरा अनुभव अधिक बोलका आहे, आणि तो कामगारांच्या राज्याचा आहे. सोव्हिएत रशियाने १९२९ साली यंत्रे कधीच थांबू नयेत म्हणून अखंड आठवडा सुरू केला. चार दिवस काम, पाचव्या दिवशी सुटी. म्हणजे पूर्वीपेक्षा सुट्ट्या जास्तच! पण कामगारांचे पाच गट पाडले आणि प्रत्येक गटाची सुटी वेगळ्या दिवशी. नवऱ्याचा गट एक, बायकोचा दुसरा, मुलाच्या शाळेचा तिसरा. तक्रारी सुरू झाल्या. घरी कोणी नसताना मिळालेली सुटी ती कसली सुटी, असे लोक उघड विचारू लागले. १९३१ साली ती रीत बदलून सर्वांना सहाव्या दिवशी एकदम सुटी दिली, आणि १९४० साली रविवार परत आला. विश्रांतीचे तास मोजता येतात, पण माणसाला जे हवे असते ते एकत्र असण्यात असते, एवढा धडा यातून घ्यावा.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेला हे आधीच उमगले होते. तिने १९२१ साली आठवड्याच्या विश्रांतीचा करार केला, त्यात असे कलम आहे की, शक्य तेथे ही विश्रांती सर्व कामगारांना एकाच वेळी द्यावी, आणि त्या देशाच्या किंवा प्रांताच्या रूढीने जो दिवस ठरलेला असेल तोच धरावा. हिंदुस्थानने त्या करारावर १९२३ साली मान्यतेची मोहोर उठविली. रूढी हा शब्द आपण पुष्कळदा निंदेने वापरतो. येथे जगभरच्या मुत्सद्द्यांनी तो कामगाराच्या बाजूने वापरला आहे.

आता आपल्या गावाकडे वळू. सिंहगड रस्ता, धायरी, नऱ्हे या पट्ट्यात लहान-लहान कारखान्यांचे गाळे आहेत. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात आठवड्याची सुटी बहुधा गुरुवारी असते, हे आपण सारे जाणतो. विजेचा भार सगळ्या वारांवर सारखा वाटला जावा म्हणून निरनिराळ्या औद्योगिक भागांना निरनिराळे वार लावून दिले गेले, आणि आपल्या वाट्याला गुरुवार आला. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. विजेचा तुटवडा खराच होता. पण परिणाम काय झाला, तो एका सभेत मी ऐकला. एका गाळ्यातल्या कामगारांची मागण्यांची यादी आम्ही करीत होतो. पगारवाढ, बोनस, बूट, चहा, असे चालले होते. तेव्हा लेथवर काम करणारा एक वयस्क टर्नर उठून म्हणाला, “साहेब, महिन्यातून एक तरी रविवार लिहा. गुरुवारी मी घरी असतो तेव्हा घर शाळेत असतं.” सगळे हसले. मग कोणीच हसेना. ती मागणी यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेली. बरीच घासाघीस होऊन दोन महिन्यांतून एक रविवार मिळाला, आणि पगारवाढीत त्यापायी थोडे सोडावेही लागले. सोडायला विरोध करणारा त्या गाळ्यात एकही निघाला नाही.

कायदाही हळूहळू सरकत गेला आहे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याचा पहिला दिवस, म्हणजे रविवार, सुटीचा म्हणून धरलेला होता. तो बदलायचा तर मागच्या किंवा पुढच्या तीन दिवसांत दुसरी सुटी द्यावी लागे. दुकानांनाही तेव्हा आठवड्यातून एक दिवस बंद ठेवणे भाग होते. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकाने सातही दिवस उघडी ठेवता येऊ लागली. नोकराला मात्र आठवड्यातून एक दिवस सुटी मिळालीच पाहिजे. आणि संसदेने २०२० साली संमत केलेली, २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेली कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेची संहिता म्हणते की, आठवड्यात सहा दिवसांहून अधिक काम करवू नये. विश्रांती राहिली, वार गेला. मोटारसायकलवरून आपल्या दारी जेवणाचे डबे पोचविणाऱ्या पोरांचे तर त्याहून कठीण. ती कोणाची नोकर नाहीत असे कंपन्या म्हणतात, म्हणून त्यांच्या सुटीचा प्रश्नच उद्भवत नाही. आपण रविवारी घरात एकत्र बसून जेवतो, ते ताट आणून देणाऱ्या पोराची आई त्या वेळी त्याची वाट पाहत असते.

धायरी २०१७ साली पूर्णपणे पुणे महानगरपालिकेत गेली. शेते जाऊन इमारती आल्या. लातूरचा, बीडचा, सोलापूरचा, बिहारचा माणूस शेजारी राहायला आला. एका अर्थाने आपण १८९० च्या गिरणगावासारखेच झालो आहोत: वेगवेगळ्या गावची माणसे, वेगवेगळ्या पाळ्या, आणि एका जिन्यात राहून एकमेकांची नावे ठाऊक नाहीत. गिरणगावातल्या त्या मजुरांजवळ मात्र आपल्याहून एक गोष्ट जास्त होती. त्यांनी आपले वार, आपली भजने, आपली खानावळ आणि आपला देव गावाहून बरोबर आणला होता, आणि परक्या शहरात त्याच आधारावर ते एकमेकांना धरून राहिले. रूढी पाळणे म्हणजे मागे पाहणे, असे मी एके काळी तरुण कार्यकर्त्यांकडून पुष्कळ ऐकले आहे. सुतक, विटाळ, जातीची पंगत, अशा रूढी मोडायलाच हव्यात. लोखंडे आणि फुले आयुष्यभर तेच करीत होते. पण पाच जणांनी मिळून तळी उचलण्याची रूढी, एका चुलीवरचे वाटून खाण्याची रूढी, ठरल्या वारी काम थांबवून माणसात येण्याची रूढी, या त्यांनी मोडल्या नाहीत. त्यांच्यावरच त्यांनी आपली चळवळ उभी केली.

१० जून हा दिवस आपल्या कोणत्याही दिनदर्शिकेत लाल अक्षरांनी छापलेला नाही. त्याला सुटी द्या असे मी म्हणत नाही; सुट्ट्या पुष्कळ आहेत. मी एवढेच सुचवितो की, त्या दिवसाच्या आधीच्या रविवारी आपल्या वस्तीतल्या गुरुवारच्या कामगारांना, डबे पोचविणाऱ्या पोरांना आणि घरकाम करणाऱ्या मावशींना एकदा विचारावे: तुमच्या घरची सगळी माणसे एका ताटाभोवती शेवटची कधी बसली होती? उत्तरे ऐकून वहीत लिहून ठेवावी. लोखंड्यांचा अर्जही साडेपाच हजार माणसांना असेच काही विचारून तयार झाला असावा. त्या वहीतून पुढे काय मागायचे ते आपोआप ठरेल; आणि ते मागायला चार माणसे कमी पडत असतील तर मला बोलवा, मी येईन.